लांबून पृथ्वीकडे पाहिलं तर नेमकं काय दिसेल?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. सात कोटी प्रकाशवर्षं लांबच्या एखाद्या ग्रहावरून आज कुणी चांगली दुर्बीण लावून पृथ्वीकडे बघितलं, तर त्याला इथे डायनासोर फिरताना दिसतील, असा त्याचा सारांश. वाचायला झकास वाटतं, आणि त्यातला निम्मा भाग खराही आहे. तिथे आज पोहोचणारा प्रकाश पृथ्वीवरून सात कोटी वर्षांपूर्वी निघाला आणि तेव्हा इथे डायनासोर होतेच.

गोची आहे ती 'चांगली दुर्बीण' इतक्या सहज म्हणून टाकण्यात. दुर्बिणीतून किती बारीक तपशील दिसेल हे तिच्या आरशाच्या रुंदीवर ठरतं. प्रकाश ही लाट आहे आणि आरसा जितका लहान तितकी प्रतिमा पसरट होते. काच कितीही उत्तम घासली तरी ही मर्यादा सुटत नाही. आता हिशोब करू. डायनासोर धरू दहा मीटर लांबीचा, अंतर सात कोटी प्रकाशवर्षं. तो नुसता एक वेगळा ठिपका म्हणून उमटायचा असेल, तर आरसा सव्वाचार प्रकाशवर्षं रुंद लागेल. सूर्यापासून त्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे. म्हणजे दुर्बिणीचं एक टोक आपल्याकडे ठेवलं, तर दुसरं प्रॉक्सिमा सेंटॉरीपर्यंत जाईल!

डायनासोर सोडा. समजा प्रेक्षक अगदी शेजारी, दहाच प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याला एवढंच हवंय की पृथ्वी बिंदूऐवजी छोटीशी का होईना, चकती दिसावी. तरीही साडेचार किलोमीटर रुंदीचा आरसा हवा. आपण चिलीच्या वाळवंटात बांधत असलेली, दृश्य प्रकाश टिपणारी सर्वांत मोठी दुर्बीण ३९ मीटरची आहे. अनेक छोटे आरसे लांब लांब ठेवून, त्यांचा प्रकाश एकत्र जुळवून मोठ्या आरशाचं काम करून घेता येतं, हे खरं. पण त्याने रेखीवपणा मिळतो, प्रकाश वाढत नाही. आणि प्रकाशाचाच तर इथे दुष्काळ आहे.

व्हॉयेजर-१ यानाने १४ फेब्रुवारी १९९० रोजी मागे वळून काढलेला पृथ्वीचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. तेव्हा ते सुमारे ६०० कोटी किलोमीटरवर होतं. हे अंतर प्रकाश साडेपाच तासांत कापतो, तरीही फोटोत पृथ्वीने एक पिक्सेलसुद्धा पूर्ण व्यापला नव्हता. जेमतेम ०.१२ पिक्सेल. सर्वांत जवळच्या ताऱ्यापासून आपल्यापर्यंत यायला प्रकाशाला सव्वाचार वर्षं लागतात. तेव्हा खंड, महासागर, ढगांची नक्षी असलं चित्र विसरायचं. लांबच्या प्रेक्षकाच्या हाती येतो तो एक ठिपका, बस.

तोही सुखासुखी नाही. या ठिपक्याला लागूनच सूर्य असतो आणि तो दृश्य प्रकाशात पृथ्वीच्या सुमारे १००० कोटी पट तेजस्वी. बत्तीस-तेहतीस प्रकाशवर्षांवरून पाहिलं तर दोघांमधलं अंतर एका अंशाच्या छत्तीस हजाराव्या भागाइतकं दिसतं. सूर्याचा उजेड कसाबसा झाकला, तरी पृथ्वीकडून पदरात पडणार किती? जेम्स वेब दुर्बिणीएवढा, साडेसहा मीटरचा आरसा असेल, तर दृश्य प्रकाशाच्या एखाद्या रंगपट्ट्यात दर काही सेकंदांनी एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण. सेकंदाला नव्हे, काही सेकंदांना एक. मग तासन् तास, दिवसेंदिवस तेच टिपत बसायचं. (अवरक्त प्रकाशात परिस्थिती जरा बरी. तिथे पृथ्वी स्वतःच्या उष्णतेने चमकते आणि फरक कोटीच्या घरात येतो. पण अवरक्त लाटा लांब असल्याने आरसा आणखी मोठा लागतो.)

एवढं सगळं करून मिळालेल्या ठिपक्यातून कळणार काय? इथून पुढे मला हा विषय खरा रंगतदार वाटतो.

रात्री समोरच्या इमारतीत कुणी पडदा ओढून टीव्ही बघत असेल, तर आपल्याला चित्र दिसत नाही, पडद्यावर हलणारा उजेड तेवढा दिसतो. पण जरा वेळ पाहिलं की मॅच चालू आहे की बातम्या, याचा अंदाज बांधता येतो. ठिपक्याचंही तसंच. पृथ्वी फिरते तसा तिचा वेगवेगळा भाग प्रेक्षकासमोर येतो. समुद्र गडद, वाळवंट उजळ, ढग त्याहून उजळ. त्यामुळे ठिपक्याची चमक आणि रंग किंचित बदलत राहतात. हा बदल दर चोवीस तासांनी पुन्हा येतो, म्हणून दिवसाची लांबी कळते. त्यावर ऋतूंचा संथ बदल चढलेला असतो. ढग मात्र रोज वेगळे, त्यामुळे पुनरावृत्ती तंतोतंत जुळत नाही. आणि या न जुळण्यावरूनच कळतं की इथे बदलतं हवामान आहे.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०१५ मध्ये सोडलेला डिस्कव्हर हा उपग्रह पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला असतो. तिथून तो पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचे दहा वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत फोटो काढतो. शास्त्रज्ञांनी दोन वर्षांतले सुमारे दहा हजार फोटो घेतले आणि मुद्दाम खराब केले. प्रत्येक फोटोची सरासरी काढून त्याचा एकच ठिपका केला, आणि मग आपण परग्रहवासी आहोत असं समजून त्या ठिपक्यांवरून ग्रहाचा नकाशा परत काढायला बसले. सगळ्यांत ठळक चढउतार ढगांचा निघाला, हे अपेक्षितच होतं. पण तो बाजूला काढल्यावर त्याखाली जो दुसरा चढउतार उरला, तो जमीन आणि पाणी यांच्या वाटणीशी जुळत होता. त्यावरून २०१९ मध्ये त्यांनी नकाशा प्रसिद्ध केला. तो ओबडधोबड आहे, किनारे पुसट आहेत, पण खंड ओळखू येतात. ठिपक्यातून नकाशा! सुतावरून स्वर्ग गाठणं एरवी टोमणा म्हणून वापरतात. या लोकांचा तो धंदाच आहे.

नकाशापेक्षाही मोठा ऐवज रंगांत दडलेला असतो. ठिपक्याचा प्रकाश वर्णपटात पसरवला की काही ठिकाणी तो कमी भरतो. हवेतला प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक लहरी गिळतो. ऑक्सिजन ७६० नॅनोमीटरपाशी, म्हणजे गडद तांबड्याच्या पलीकडच्या काठावर, एक खोल खाच पाडतो. ओझोन, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांच्या खाचा वेगळ्या. त्या कुठे आहेत यावरून कोणता वायू हे कळतं, किती खोल आहेत त्यावरून प्रमाणाचा अंदाज येतो.

या पद्धतीची परीक्षा घ्यायची एक नामी संधी १९९० च्या डिसेंबरात आली. गॅलिलिओ यान निघालं होतं गुरूकडे, पण थेट तिथवर जाण्याइतका जोर त्याच्याजवळ नव्हता. म्हणून शुक्राजवळून एकदा आणि पृथ्वीजवळून दोनदा जात, त्यांच्या गुरुत्वाकर्षणातून वेग उचलत पुढे सरकायचं ठरलं होतं. ८ डिसेंबरला ते पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ९६० किलोमीटरवरून गेलं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की, अनोळखी जग तपासायला बनवलेली उपकरणं आयतीच पृथ्वीवरून चालली आहेत. मग पृथ्वीबद्दल आपल्याला काहीही ठाऊक नाही असं धरायचं आणि फक्त या यानाच्या नोंदींवरून इथे जीवसृष्टी आहे हे सिद्ध होतं का ते बघायचं. निष्कर्ष १९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आले.

फोटोंनी निराशा केली. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाचे फोटो होते, त्यात साधारण किलोमीटरभराचा तपशील दिसत होता. शहर नाही, रस्ता नाही, माणसाची खूण म्हणावी असं काहीच नाही. एवढ्या जवळून! पण वर्णपटात माल होता. भरपूर ऑक्सिजन. शिवाय जमिनीवर ठिकठिकाणी असं काहीतरी, जे तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि ७०० नॅनोमीटरच्या पुढचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मात्र धडाधड परत फेकतं. कुठल्याही ओळखीच्या खडकाशी किंवा मातीशी हे वागणं जुळेना. ते अर्थातच पानांतलं हरितद्रव्य होतं. आपल्याला झाडं हिरवी दिसतात, पण अवरक्ताच्या उंबरठ्यावर ती हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त उजळ असतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मिथेन.

मिथेनचं महत्त्व लगेच लक्षात येत नाही. हवेत तो आहेच किती? दहा लाख रेणूंत दोनही नाहीत. पण ऑक्सिजनने भरलेल्या हवेत मिथेन टिकत नाही, साधारण दहा वर्षांत तो ऑक्सिजनशी संयोग होऊन संपतो. सगळ्या रासायनिक क्रिया पूर्ण होऊ दिल्या, तर पृथ्वीच्या अख्ख्या वातावरणात मिथेनचा एक रेणूही उरता कामा नये. तरी तो आहे, म्हणजे कुणीतरी सतत ओतत आहे. आणि ऑक्सिजनही गंज चढवण्यात खर्च होत असतो, म्हणजे तोही कुणीतरी भरत आहे. एकमेकांना संपवणारे दोन वायू शेजारी शेजारी टिकून असणं हीच खरी भानगड. शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी १९६५ च्या सुमारास हाच मुद्दा मांडला होता. मंगळावर जीव शोधायचा तर माती उकरण्याआधी तिथली हवा बघा, असं त्यांचं म्हणणं. मंगळाची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सगळ्या क्रिया आटपून निवांत बसलेली.

एकटा ऑक्सिजन सापडला तर लगेच नाचू नये, हेही यात आलं. अतिनील किरणांनी पाण्याची वाफ फुटते, हलका हायड्रोजन अवकाशात उडून जातो आणि ऑक्सिजन मागे राहतो. यात जीवाचा काही संबंध नाही. म्हणून जोडी हवी.

आणि मुळात वर्णपट हवा. 'दुसरी पृथ्वी सापडली' अशा बातम्या वाचताना मला नेहमी शुक्राची आठवण येते. बहुतेकदा अशा ग्रहाचा आकार, वस्तुमान आणि ताऱ्यापासूनचं अंतर यापलीकडे फारसं काही कळलेलं नसतं. लांबच्या कुणी आपली सूर्यमाला याच मापांनी तपासली, तर त्याला एक नाही, दोन पृथ्व्या सापडतील. शुक्राची त्रिज्या पृथ्वीच्या ९५ टक्के, वस्तुमान ८२ टक्क्यांच्या आसपास. जुळी बहीणच. हवा तपासेपर्यंत त्याला कळणारही नाही की तिथे शिसं वितळेल इतकी उष्णता आहे.

मग हवा तपासायची कशी? ठिपका सूर्यापासून वेगळा काढणं अवघड आहे हे आपण पाहिलंच. दुसरा मार्ग म्हणजे पृथ्वी सूर्यासमोरून सरकण्याची वाट बघायची, म्हणजेच अधिक्रमण. तेव्हा सूर्याची चमक दहा लाखांत ८४ भागांनी कमी होते, जास्तीत जास्त तेरा तास, आणि वर्षातून एकदाच. या तेरा तासांत पृथ्वीच्या कडेच्या पातळ हवेतून गाळून आलेला सूर्यप्रकाशही प्रेक्षकाकडे जातो, त्यात वायूंच्या खाचा असतात. पण त्यांचा परिणाम दहा लाखांत जेमतेम एक भाग. आपले खगोलशास्त्रज्ञ सूर्यासारखे तारे सोडून ट्रॅपिस्ट-१ सारख्या बुटक्या लाल ताऱ्यांमागे लागतात त्याचं हे एक कारण. तारा लहान असला की तेवढाच ग्रह त्याचा मोठा भाग झाकतो.

पृथ्वीच्या हवेतून गाळून आलेला हा प्रकाश आपल्यालाही बघायला मिळतो. खग्रास चंद्रग्रहणात चंद्र तांबूस होतो, तो याच प्रकाशाने. त्या क्षणी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे सूर्योदय आणि सूर्यास्त होत असतात, त्या सगळ्यांचा उजेड वाकून चंद्रावर पडलेला असतो. ऑगस्ट २००८ च्या ग्रहणात (ते मात्र खंडग्रास होतं) आणि जानेवारी २०१९ च्या खग्रास ग्रहणात खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राचा आरशासारखा उपयोग करून हा प्रकाश तपासला. २०१९ मध्ये हबल दुर्बिणीने त्यात ओझोनची खूण पकडली.

पृथ्वीचं अधिक्रमण सगळीकडून दिसत नाही. पृथ्वी ज्या पातळीत सूर्याभोवती फिरते, त्या पातळीला चिकटून आकाशात जी अर्ध्या अंशाची चिंचोळी पट्टी जाते, तिच्यातल्या ताऱ्यांवरूनच ते दिसतं. सूर्य वर्षभर ज्या वाटेने राशींतून फिरताना आपल्याला दिसतो, तीच ही वाट, क्रांतिवृत्त. तारे सरकत असतात, त्यामुळे या पट्टीत ते येतात आणि जातात. लिसा कॅल्टेनेगर आणि जॅकी फॅहर्टी या खगोलशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये, ताऱ्यांच्या जागा आणि हालचाली मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांवरून हिशोब केला. ३२६ प्रकाशवर्षांच्या आतल्या १७१५ ताऱ्यांवरून गेल्या पाच हजार वर्षांत केव्हा ना केव्हा पृथ्वीचं अधिक्रमण दिसू शकत होतं. पुढच्या पाच हजार वर्षांत आणखी ३१९ ताऱ्यांची भर पडेल. अकरा प्रकाशवर्षांवरचा रॉस १२८ हा तारा सुमारे नऊशे वर्षांपूर्वी पट्टीतून बाहेर पडला. टीगार्डनचा तारा २०५० च्या सुमारास आत येईल. ट्रॅपिस्ट-१ ला अजून सोळाशे वर्षांहून जास्त वेळ आहे.

आता माणसाकडे वळू, कारण बहुतेकांना खरं तर तेवढंच विचारायचं असतं. आपण दिसतो का? जवळजवळ नाही. चीनची भिंत पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानातूनच नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनी २००३ मध्ये परतल्यावर आपल्याला ती दिसली नसल्याचं सांगितलं. शहरांचे दिवे त्या ठिपक्यात बुडून जातात. हवेत मात्र आपल्या काही खुणा आहेत. एके काळी फ्रिज आणि स्प्रेमध्ये वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन हे जवळजवळ पूर्णपणे कारखान्यांतून आलेले. ते कुणाला सापडले तर शंकेला जागा नाही. पण त्यांचं प्रमाण एक लाख कोटी रेणूंत काहीशे, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तेही उतरणीला लागलं आहे.

काळाचं गणितही आपल्या विरुद्ध आहे. आपले रेडिओ-टीव्हीचे सगळ्यांत जुने संकेत आत्ताशी शंभरेक प्रकाशवर्षांपर्यंत गेलेत, आणि तेही इतके विरळ होऊन की ऐकणाऱ्याला आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या अँटेना लागतील. आकाशगंगा एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे. उलट ऑक्सिजन पृथ्वीच्या हवेत साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी साचायला लागला. नंतर तो भरपूर झाला त्यालाही कोट्यवधी वर्षं उलटली. म्हणजे ऑक्सिजनची खाच असलेला पृथ्वीचा प्रकाश आकाशगंगेतल्या झाडून सगळ्या ताऱ्यांवरून कधीच पुढे गेला आहे. परग्रहवासीयांना संदेश पाठवून आपला पत्ता जाहीर करावा की नाही, यावर तावातावाने वाद होतात. मला तो वाद थोडा उशिराचा वाटतो. इथे काहीतरी जिवंत आहे ही बातमी आधी सूक्ष्मजीवांनी आणि नंतर झाडापानांनी फोडून झाली आहे. गुपित राहिलं असेल तर फक्त एवढंच, की त्यात माणूसही आहे. आणि ऑक्सिजनच्या आधीचा काळ घेतला तर उलटा घोळ. इथे सूक्ष्मजीव निदान साडेतीनशे कोटी वर्षांपासून आहेत. पहिल्या शंभर कोटी वर्षांत कुणी ऑक्सिजन शोधत पृथ्वी तपासली असती, तर 'काही नाही' असा शेरा मारून ती व्यक्ती निघून गेली असती.

माणसाची सर्वांत लांब पोहोचणारी खूण एकच, रडार. लघुग्रह आणि ग्रह यांचा वेध घेण्यासाठी पोर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीतून जे झोत सोडले जात, ते आपल्याचसारखं तंत्रज्ञान असलेल्या कुणाला १२,००० प्रकाशवर्षांवरूनही पकडता येतील, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. ती दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली, पण आधी निघालेले झोत प्रवासात आहेत. अट एवढीच, की झोत अतिशय चिंचोळा असतो आणि ऐकणारा नेमका त्याच्या वाटेत असायला हवा. ही वाट मात्र कुठलीही नसते. ग्रह सगळे क्रांतिवृत्ताच्या आसपासच असतात, म्हणून त्यांच्यावर मारलेलं रडार, आणि मंगळाभोवतीच्या यानांना दिलेले आदेशही, ग्रहाला ओलांडून बहुतांशी त्याच भागात पुढे जातात. पृथ्वीचं अधिक्रमण ज्या ताऱ्यांवरून दिसतं, ते तारे याच वाटेवर किंवा तिच्या जवळपास.

हीच युक्ती उलटी वापरता येते. ट्रॅपिस्ट-१ चे सातही ग्रह आपल्याला कडेकडून दिसतात, त्यामुळे त्यातले दोन अधूनमधून आपल्या नजरेच्या एका रेषेत येतात. एका ग्रहावरून दुसऱ्याकडे कुणी काही पाठवत असेल, तर त्याचा सांडलेला भाग तेव्हा आपल्या दिशेने यायला हवा. या कल्पनेने कॅलिफोर्नियातल्या अॅलन दुर्बिणीच्या अँटेना ट्रॅपिस्ट-१ कडे वळवून २८ तास ऐकलं गेलं. ते निष्कर्ष २०२४ मध्ये आले. लाखो संकेतांतून पृथ्वीवरचाच गोंगाट वगळत गेल्यावर हाती काही लागलं नाही.